एका थ्रेडचा कारभार
नोव्हेंबर 2009मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेत रायन डाल यांनी सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस दाखवलं, तेव्हा त्यांचा राग सर्व्हरच्या ताटकळण्यावर होता. डिस्कवरून किंवा डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत प्रोग्राम नुसता खोळंबतो. मग दुसऱ्या ग्राहकासाठी दुसरा थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, तिसऱ्यासाठी तिसरा. डाल यांनी जावास्क्रिप्ट निवडली, कारण ‘क्लिक झालं की हे कर’ ही रीत ब्राउझरमुळे तिच्या अंगवळणी पडली होती.

नोडमध्ये आपला कोड एकाच थ्रेडवर चालतो. नेटवर्कवर काही आलं की ऑपरेटिंग सिस्टिम कळवते. फायलींचं आणि पासवर्डच्या हिशेबासारखं जड काम मात्र लिबयूव्ही ही लायब्ररी पडद्यामागच्या थ्रेड्सकडे सोपवते, आणि ते मुळात चारच असतात. पासवर्डवर पीबीकेडीएफ2 ही वेळखाऊ गणिती प्रक्रिया चालवण्याची पाच कामं एकदम सोडून पाहा. पाचवं मागे रेंगाळतं. थांबणं संपलेलं नसतं, फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडलेलं असतं.

पाळीची वाट पाहणाऱ्या कामांच्या रांगेतही मानपान आहेच. हातातला कोड संपला की सहसा आधी नेक्स्टटिकची (‘हे झालं की लगेच’ म्हणून लावलेली) कामं, मग प्रॉमिसची (‘निकाल आला की’ म्हणून लावलेली), आणि त्यानंतर टायमर वगैरे. नेक्स्टटिक स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत राहिलं, तर टायमरची पाळी कधीच येत नाही. शंभर मिलिसेकंदांनंतरचं काम म्हणजे ‘त्याआधी नाही’ एवढंच. मध्ये कुणी दोन सेकंदांचा हिशेब मांडला, तर सगळे ग्राहक अडकले.

खरी गोची पुढे होते. दहा हजार चित्रं उतरवायची म्हणून नवखा माणूस दहा हजार विनंत्या एका दमात सोडतो. नोड हूं की चूं करत नाही. मेमरी फुगते, समोरचा सर्व्हर वैतागतो. म्हणून कामांची यादी वेगळी ठेवावी आणि एका वेळी पाचच कामं चालू द्यावीत. एक संपलं की पुढचं उचलायचं. हा आवर प्रोग्रामरनेच घालायचा, आणि माझ्या मते नोडमधलं निम्मं शहाणपण यातच आहे.

पण ही यादी मेमरीत असते. प्रोसेस कोसळली की तीही गेली. ईमेल किंवा पैशांची कामं असतील, तर यादी रेडिससारख्या, प्रोसेसबाहेरच्या साठ्यात ठेवतात. तिथे अर्धवट राहिलेलं काम पुन्हा उचललं जातं, म्हणजे क्वचित दोनदाही होतं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देतात, आणि पैसे वळते करण्याआधी तो क्रमांक झालेल्या व्यवहारांत आहे का ते पाहतात.