चिपाडातला धागा, सिमेंटातली पकड

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात चुलवाणात जळणारं चिपाड सिमेंटच्या ब्लॉकमध्येही कामी येतं. मातीच्या भिंतीत भुसा घालतात ना, तसंच! चीर पडली की धागे दोन्ही बाजू धरून ठेवतात.

पण चिपाडात साखर उरते, आणि सिमेंटच्या वजनाच्या ०.१ टक्का साखरसुद्धा सेटिंग लांबवते. म्हणून धागे आधी गरम पाण्यात धुवायचे. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून पुन्हा धुवायचे. पृष्ठभाग खरखरीत होऊन पकड वाढते.

तरी सिमेंटचा पीएच १२ च्या वर. तो धागा हळूहळू कुरतडतो. त्यावर उताराही उसातच! कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची राख बारीक दळून मिसळली, की सिमेंटातला मोकळा चुना कमी होतो.

स्लॅबच्या सळईला मात्र हा पर्याय नव्हे, बरं का!