पौडच्या दवाखान्यात गुडघ्यांचा दिवस

सकाळी ९.००
भातलावणी उरकली की मुळशीत गुडघे बोलू लागतात. चिखलात दिवस दिवस वाकून काढल्यावर आता कुठे दवाखान्याला सवड मिळालेली असते. ताम्हिणीकडून, कोळवण खोऱ्यातून आलेली माणसं बाकावर बसली आहेत.

सकाळी १०.००
"डॉक्टर, वंगण संपलंय म्हणत्यात. ते इंजेक्शन देऊन टाका एकदाचं."
"आजी, आधी फोटो काढू. उभ्यानं."
झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. अंगाचा भार पडला की खरी झीज कळते. त्या 'वंगणा'चं, म्हणजे हायलुरॉनिक आम्लाचं इंजेक्शन महाग असतं. २०२२ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा त्यातला फरक इतका थोडा निघाला, की रुग्णाला तो जाणवूही नये. आजींना ते मी दिलं नाही.

दुपारी १२.००
एका मावशींचा गुडघा सुजून टम्म झालाय. बेटाडिन लावून वाटीच्या वरच्या बाहेरच्या कडेनं सुई घातली, पिवळसर पाणी काढलं आणि त्याच सुईतून स्टेरॉइड सोडलं. ठणका लवकर उतरेल, पण आराम काही आठवड्यांचाच. मधुमेह आहे, म्हणून पुढचे काही दिवस साखर तपासायला सांगितली. २०१७ च्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं हेच इंजेक्शन दिलं गेलं. दुखणं मिठाच्या पाण्यापेक्षा कमी झालं नाही, उलट कूर्चा जास्त झिजली. म्हणून त्याचा रतीब लावायचा नाही.

दुपारी ४.००
पिरंगुटच्या कारखान्यातला मुलगा वडिलांसाठी पीआरपी विचारतो. स्वतःचंच रक्त यंत्रात फिरवून, त्यातल्या प्लेटलेट्स वेगळ्या करून गुडघ्यात सोडायच्या. काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसला. २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांच्या चाचणीत मात्र वर्षभरानंतर दुखण्यात मिठाच्या पाण्याहून फरक नव्हता. कर्ज काढून हे करू नका, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी ५.३०
आजींना व्यायाम शिकवला. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून दहा आकडे मोजायचे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत १५६ रुग्णांवर तुलना झाली. वर्षानंतर स्टेरॉइडवाल्यांपेक्षा फिजिओथेरपीवाल्यांचे गुडघे बरे होते.

संध्याकाळी ७.००
शेवटच्या काकांची झीज पूर्ण झालीय. त्यांना सांधेबदलाचा सल्ला दिला. शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांत सांध्यात इंजेक्शन घेतलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आता सुई नाही.

गुडघ्यात सुई घेण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: औषध कोणतं, आराम किती दिवस, आणि व्यायाम कोणता? कोणत्याही इंजेक्शनानं झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत असल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही.