ऊस आला की ओळ मोडायची

जालन्याकडून जिंतूरला निघालं की वाटेत देवगाव फाटा लागतो. इथून एक रस्ता सेलूकडे फुटतो, म्हणून फाटा. थांबणाऱ्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, खताबियाण्यांची दुकानं आणि त्यांच्याच ओळीत माझं दुकान. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज, मागच्या खोलीत एक जुना संगणक. त्यावर मी गरजूंना छोट्या वेबसाइट लिहून देतो. भाषा पीएचपी.

दोन हंगामांपूर्वी एका संस्थेनं शेतकऱ्यांची यादी आणून दिली. नाव, गाव, पीक, क्षेत्र. शेतकऱ्यानं नाव टाकलं की त्याची नोंद मोबाइलवर दिसावी, एवढंच काम. यादी एक्सेलमध्ये केलेली होती आणि तिथूनच 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून जतन केलेली. मी पहिल्यांदा फक्त ओळी मोजणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. ओळी नोंदींपेक्षा जास्त निघाल्या.

पडद्यावर मराठीच्या जागी नुसता कचरा दिसत होता. म्हणून प्रत्येक ओळीची लांबी काढली आणि एक्सेलच्या नोंदींशी ताडत बसलो. रात्री उशिरा मेळ लागला. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा या पिकांच्या नोंदी तुटत नव्हत्या. ऊस आला की ओळ मोडायची. भाऊराव नावाचे सगळे शेतकरी मधोमध दुभंगले होते. देवगाव अखंड होतं आणि देऊळगावचे दोन तुकडे झाले होते. यादीत जितक्या वेळा ऊ हे अक्षर आलं होतं, बरोबर तितक्या ओळी जास्त होत्या, आणि अगदी शेवटी एकाच बाइटची एक ओळ वेगळी पडली होती.

त्या रात्रीपासून मी या साध्या दिसणाऱ्या यंत्राकडे नीट पाहायला लागलो. मजकुराची फाईल उघडायची, एक ओळ वाचायची, तिचं काम करायचं, पुढची ओळ घ्यायची. पीएचपीत हे काम करणाऱ्या फंक्शनचं नाव एफगेट्स. वेबसाइट लिहिणारा प्रत्येक जण ते पहिल्या महिन्यात शिकतो आणि मग त्याचा विचार करणं सोडून देतो. माझ्या मते तिथेच चूक होते.

आपल्याकडे पारायणाला बसलेला माणूस डोळ्यासमोर आणा. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. वाचणाऱ्याला त्या सगळ्या एका वेळी डोक्यात धराव्या लागत नाहीत. बोट एका ओवीवर असतं, ती म्हणून झाली की बोट पुढे सरकतं. मध्येच कुणी पाणी मागितलं तरी बोट जागेवर असतं. एफगेट्स अगदी असंच चालतं. एफओपन पोथी उघडतं, आणि उघडताना फाईलीत एक खूण ठेवतं. एफगेट्स त्या खुणेपासून पुढे ओळ संपेपर्यंतचा मजकूर उचलून देतं आणि खूण पुढच्या ओळीच्या आरंभाशी नेऊन ठेवतं. एफक्लोज पोथी बांधून ठेवतं. आतल्या आत पीएचपी डिस्कवरून ८,१९२ बाइटचा घास घेतं आणि त्यातून ओळी तोडून देतं, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी डिस्ककडे फेरी होत नाही.

याउलट 'फाईल' नावाचं दुसरं फंक्शन सगळी पोथी एकदम पुढ्यात ओततं. लहान यादीला ते सोयीचं असतं, मीही वापरतो. पण पीएचपी एका कामाला सहसा १२८ एमबीच मेमरी देतं. तिच्या बाहेर गेलं की काम तिथल्या तिथे थांबतं आणि पडद्यावर १३४२१७७२८ हा आकडा येतो. पीएचपीवर काम केलेल्या माणसाला हा आकडा पाठ असतो. १२८ एमबीचे ते बाइट. नवख्याला वाटतं, आपली फाईल तर साठ एमबीची, मग मेमरी कशी संपली? उत्तर ओळींत आहे. प्रत्येक ओळ वेगळी ठेवायची तर तिच्यासोबत तिची लांबी वगैरे हिशेबाचे २४ बाइट येतात, शिवाय यादीत तिच्या जागेचे आणखी. चाळीस बाइटची ओळ मेमरीत शंभराच्या आसपास जागा खाते. साठ एमबीची फाईल अशा रीतीनं १२८ एमबीत मावत नाही.

एकेक ओळ घेतली तर हिशेबच बदलतो. तेव्हा मेमरी लागते ती सगळ्यांत लांब ओळीपुरती. फाईल साठ एमबीची असो की सहा जीबीची. २०१३ साली पीएचपीच्या ५.५ या आवृत्तीत जनरेटर आले आणि हीच रीत आणखी सुटसुटीत झाली. फंक्शननं एक ओळ हातात द्यायची आणि पुढची मागेपर्यंत आहे तिथे थांबून राहायचं. फाट्यावरच्या माझ्यासारख्याला याचं मोल फार आहे. मी वर्षाला थोडक्या पैशांत मिळणारी सर्व्हरवरची जागा वापरतो. ती शेकडो वेबसाइटमध्ये वाटलेली असते, मेमरी वाढवून मागायची सोय नसते. एफगेट्समुळे त्या तुटपुंज्या जागेत अख्ख्या जिल्ह्याच्या याद्या चाळता येतात. गरिबाच्या यंत्राला मोठं काम पेलायला लावणारी ही रीत आहे, आणि म्हणून मला ती प्रिय आहे.

पीएचपीचा जन्मही असाच साध्या गरजेतून झाला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फनं स्वतःच्या वेबपानावर कोण येऊन आपली माहिती वाचून जातं हे टिपण्यासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि ८ जून १९९५ रोजी ते सगळ्यांना खुले केले. पुढे अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की यांनी त्याची नव्यानं बांधणी केली आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. वर्डप्रेस पीएचपीत आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तेही पीएचपीतच, म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्याच भाषेच्या आधारानं आपल्यासमोर येतो.

एफगेट्स हे नाव मात्र पीएचपीचं नाही, ते सी भाषेतून आलं. सी मध्ये त्याचा एक थोरला भाऊ होता, गेट्स. तो ओळ वाचायचा, पण किती लांब वाचायची याला धरबंध नव्हता. दिलेली जागा भरली तरी तो ओततच राहायचा आणि शेजारच्या मेमरीवर मजकूर सांडायचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत मॉरिस वर्म नावाचा उपद्रवी प्रोग्राम पसरला, त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती. २०११ च्या प्रमाणात सी भाषेनं गेट्सला काढूनच टाकलं. एफगेट्स टिकलं, कारण त्याला लांबीची मर्यादा सांगता येते.

पीएचपीत ही मर्यादा ऐच्छिक आहे, आणि मराठीसाठी ती जपून वापरावी लागते. १०२४ सांगितलं तर एफगेट्स जास्तीत जास्त १०२३ बाइट देतं. बाइट, अक्षरं नव्हेत. आज सगळीकडे रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, प्रत्येकाचे वेगळे तीन. 'देवगाव फाटा' एवढं लिहायला ३१ बाइट लागतात, दहा चिन्हांचे तीस आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक. त्या एकामुळेच तिनाचं गणित सरकतं आणि मर्यादेची सुरी एखाद्या अक्षराच्या पोटात बसते. मग ओळीच्या टोकाला चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. मराठी मजकुरावर ही मर्यादा घालायचीच असेल तर ती भरपूर मोठी घालावी.

आता ओळ संपते कुठे, हा मुद्दा. टंकलेखन शिकलेल्यांना तो लगेच कळेल. ओळ संपत आल्याची घंटी वाजली की डावीकडची दांडी ओढायची. एका हिसक्यात दोन कामं व्हायची. गाडा परत आरंभाला यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरला या दोन कामांसाठी दोन वेगळ्या खुणा लागत. तीच जोडी संगणकात आली. गाडा मागे आणण्याच्या खुणेचा क्रमांक १३, कागद सरकवण्याच्या खुणेचा १०. विंडोज अजून दोन्ही लिहितं. युनिक्स आणि त्याच्या वंशातले लिनक्ससारखे सर्व्हर फक्त १० वर भागवतात. एफगेट्स १० दिसला की थांबतं आणि तो १० ओळीसोबत हातात देतं. विंडोजची फाईल असेल तर ओळीच्या शेपटाला १३ चिकटलेला राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि मग 'कापूस' हा शब्द 'कापूस' या शब्दाशी जुळत नाही. म्हणून ओळ घेतली की आधी आरट्रिम लावून शेपूट साफ करायचं.

फाईल कधी संपली हे ओळखण्यातही नवखे चुकतात. बहुतेक जण शिकतात ते असं, की एफईओएफनं शेवट आला असं सांगेपर्यंत वाचत राहा. पण शेवटची ओळ वाचून झाली तरी एफईओएफला शेवट कळलेलाच असेल असं नाही, पुढे वाचायला गेल्यावर तो कळतो. त्यामुळे एक फेरी जादा होते आणि शेवटी रिकामी नोंद चिकटते. फाईल उघडलीच नसेल तर जुन्या पीएचपीत हा फेरा थांबतच नसे. दुसरी एक चूक फार सूक्ष्म आहे. ओळ मिळाली तर पुढे जा, एवढंच लिहिलं आणि फाईलीच्या शेवटच्या ओळीत नुसता ० असला, तर पीएचपी त्या शून्याला 'काही नाही' समजतं आणि ती ओळ गळते. एफगेट्सनं दिलेलं उत्तर नेमकं 'फॉल्स' आहे का, तीन चिन्हांची तुलना करून एवढंच विचारायचं. तोच खात्रीचा मार्ग.

मग माझा ऊस का मोडत होता? एक्सेलचं 'युनिकोड टेक्स्ट' म्हणजे यूटीएफ-१६. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत लिहितात. एक बाइट सांगतो की हे देवनागरीच्या घरातलं आहे, त्याचा क्रमांक कायम ९. दुसरा सांगतो त्या घरातलं कितवं. क चा दुसरा बाइट २१. आणि ऊ चा दुसरा बाइट १०. एफगेट्सला अक्षर कळत नाही, त्याला फक्त १० कळतो. ऊस, भाऊ, देऊळ, घेऊन, जाऊ, जिथे जिथे ऊ होता तिथे तिथे त्यानं प्रामाणिकपणे ओळ संपवली. शेवटची एका बाइटची ओळही यातलीच. यूटीएफ-१६ मध्ये ओळीच्या खुणेलाही दोन बाइट असतात, १० आणि त्यामागे ०. एफगेट्स १० वर कापतं आणि ० पुढच्या ओळीच्या माथी जातो. शेवटच्या ओळीनंतर तो एकटाच उरतो. आणि टॅबचा क्रमांक ९. मी टॅबवर रकाने तोडायला गेलो असतो तर प्रत्येक मराठी चिन्हामागे एक रकाना पडला असता.

पहिला उपाय मी चुकीचा केला. ओळ घेतली आणि मग ती यूटीएफ-८ मध्ये बदलली. पहिली ओळ नीट आली, दुसरीपासून चिनीसारखी अक्षरं दिसायला लागली, कारण माथ्यावरच्या त्या ० मुळे बाइटांच्या जोड्या एका घरानं सरकल्या होत्या. खरा उपाय क्रम उलटा करण्यात होता. पीएचपीत फाईल उघडल्यावर तिच्या तोंडाशी चाळणी बसवता येते. यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८ मध्ये नेणारी आयकॉन्व्हची चाळणी लावली, म्हणजे बाइट आधी बदलून येतात आणि एफगेट्स त्यानंतर ओळ कापतं. एका ओळीचा बदल. नोंदी आणि ओळी जुळल्या, सगळे भाऊराव एकसंध झाले.

यूटीएफ-८ मध्ये ही भानगड का होत नाही, हे कळल्यावर मला त्याच्या कर्त्यांविषयी मनापासून आदर वाटला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर ही पद्धत मांडली. तिच्यात इंग्रजीबाहेरच्या कुठल्याही अक्षराचा एकही बाइट १२८ च्या खाली येत नाही. ऊ तिथे २२४, १६४, १३८ असा लिहिला जातो. १० हा क्रमांक ओळीच्या शेवटासाठी राखीव राहतो, ९ टॅबसाठी. म्हणून मराठीचा गंधही नसलेलं, सी भाषेच्या काळातलं एक फंक्शन आज मराठी ओळ बिनचूक तोडतं. भाषेसाठी झालेल्या कामांमध्ये मी या कामाला फार वरचं स्थान देतो.

शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, बचत गट, जिथे कुठे मराठी याद्या तयार होतात तिथल्या मंडळींना माझी विनंती आहे. एक्सेलमधून यादी द्यायची असेल तर 'युनिकोड टेक्स्ट' निवडू नका, 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. नोटपॅडचं नवं रूप २०१९ पासून आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करतं, जुन्या विंडोजवर मात्र ते हातानं निवडावं लागतं. एक्सेल अशा फाईलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट घालतं, २३९, १८७, १९१. ते पहिल्या ओळीवरून काढून टाकणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम, ते आम्ही करू. आणि यादी पाठवण्याआधी ती यूटीएफ-८ मध्येच जतन झाली आहे ना, एवढं पाहून घ्या.