बी. बी. किंग (१९२५–२०१५)
अमेरिकन ब्लूज गायक आणि गिटारवादक. मूळ नाव रायली बी. किंग. जन्म १६ सप्टेंबर १९२५, मिसिसिपीत, इटा बेनाजवळच्या कापसाच्या मळ्यावर. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर काम करताना ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ हे नाव पडलं, त्याचंच पुढे ‘बी. बी.’ झालं.

१९४९. आर्कन्सातल्या ट्विस्ट गावी किंग वाजवत असलेल्या नाचाच्या हॉलमध्ये दोघांची मारामारी जुंपली, रॉकेलचं पिंप कलंडलं आणि आग भडकली. बाहेर पडलेले किंग गिटारसाठी पुन्हा आत शिरले. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं हे कळल्यावर त्यांनी गिटारला तेच नाव दिलं. पुढच्या गिटारीही ‘ल्युसिल’च.

गाताना ते सहसा वाजवत नसत. ओळ संपली की गिटार उत्तर देई. मोजकेच स्वर, पण तार ओढून, डाव्या हाताने थरथरवून असे काढलेले की आपल्याला मींड आठवावी. वेगाने वाजवणारे पुष्कळ झाले. एका स्वरावरून ओळखू येणारे फार थोडे.

१९५६ या एकाच वर्षात ३४२ कार्यक्रम. पुढे १५ ग्रॅमी. १४ मे २०१५ रोजी लास वेगासमध्ये निधन. नव्या श्रोत्याने सुरुवात १९६५च्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’ या अल्बमपासूनच करावी.