कोळेरोग आणि पोफळीवर चढणारा माणूस

कोकण कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्रावर लिहायचं, असं संपादकांनी सुचवलं. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी दापोलीत स्थापन झालं. आंबा, काजू, नारळ, सुपारी, भात यांच्या रोगांचा अभ्यास तिथं चालतो. मी मात्र त्याच तालुक्यातल्या दाभोळच्या एका आगरात गुंतलो. पाऊस तोंडावर आला होता आणि सुपारीच्या कोळेरोगावरचं औषध तयार होत होतं.

या रोगात कोवळ्या सुपारीच्या देठाजवळ पाणी मुरल्यासारखा गडद हिरवा डाग पडतो, फळं गळतात आणि त्यांच्यावर बुरशीसारखा पांढरा थर चढतो. हे काम फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवाचं. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा सडवणारा याचाच भाऊबंद. हा दिसतो बुरशीसारखा, पण नात्यानं शैवालांना जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून झड आणि अधूनमधून ऊन अशी हवा त्याला मानवते. म्हैसूर संस्थानात बुरशीशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये या रोगावर सविस्तर लिहिलं आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी सुचवली. हे मिश्रण वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांसाठी पुढे आणलं होतं.

तेच मिश्रण करायला आगरातल्या गड्यानं एका प्लास्टिकच्या पिंपात १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, ५० लिटर पाण्यात विरघळवला, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात १ किलो चुना कालवला. मग निळं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेनं सोडत तो काठीनं ढवळत राहिला. घासून लख्ख केलेला कोयता त्यात बुडवून वर काढला, तर पात्यावर तांबूस झाक. म्हणजे मोरचूद अजून मोकळा, त्यानं कोवळा भाग करपणार. आणखी चुना पडला. कोयता पुन्हा बुडवला, या वेळी पातं स्वच्छ निघालं. एका कोयत्यावर रसायनशास्त्राची एवढी नेमकी परीक्षा होते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग औषध घेऊन, पायात दोरीचा फास अडकवून तो पोफळीवर सरसर चढला. एका पोफळीचे घड भिजवले की खाली न उतरता झोका घेऊन शेजारची पोफळ धरायची.

खरी अडचण इथंच आहे. हे औषध रोग येण्याआधी फळावर बसलं तरच उपयोगी. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी, तीही भर पावसात, निसरड्या खोडांवर चढून. उघडीप हुकली की घड हातचे गेले. त्याऐवजी पाऊस लागू नये म्हणून घडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या म्हटलं, तरी वर चढावं लागतंच. चढणारी माणसं कमी होत चालली आहेत. घरातली तरुण मुलं मुंबईला जातात आणि या कामातला धोका पाहता त्यांना बोल लावता येत नाही. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरची कितीतरी आगरं आडवी केली. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात.

वर्षानुवर्षं फवारलेलं तांबं मातीत साठत जातं, हीही काळजी आहेच. रोग कळला, औषध कळलं. पण ते चाळीस फुटांवर पोचवणारा माणूस उद्या मिळाला नाही तर या ज्ञानाचा आगराला उपयोग काय? बुटकी आणि रोगाला दाद न देणारी पोफळ, जमिनीवरून घडापर्यंत नेमकी पोचणारी फवारणी आणि चढणाऱ्याच्या जिवाची हमी, हे तिन्ही वनस्पती रोगशास्त्राचेच विषय मानले पाहिजेत.