परीक्षेच्या आठवड्यात काय खाताय?

पोट भरलं तरी समोरचा खाऊ सोडवत नाही, यात दोष फक्त जिभेचा नाही.

सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी विशीतल्या सडपातळ, निरोगी तरुणांना आठवडाभर चरबी आणि साखर भरपूर असलेलं खाणं दिलं: नाश्त्याला वॉफल, अधूनमधून फास्ट फूड. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परिणाम स्मरणाच्या चाचणीत दिसला, गुण घसरले. शिवाय पोटभर जेवूनही खाऊ हवासा वाटू लागला.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस नव्या गोष्टी लक्षात ठेवतो. पोट भरल्यावर खाण्याची ओढ आवरण्याचं कामही त्याचंच, असं हे संशोधक मानतात. तो मंदावला, की अभ्यास विसरतो आणि हातही आवरत नाही.

म्हणून परीक्षेच्या आठवड्यात रात्री पिझ्झा मागवण्याऐवजी पोळी-भाजीच बरी.