फाइल पुसली जाऊ नये म्हणून

मुलांनो, संगणकावर लिहिलेली फाइल चुकून पुसली गेली तर, अशी भीती तुम्हांलाही वाटत असेल. डिलीटची कळ दाबली नाही म्हणजे झाले, असे आपण समजतो. पण मजकूर सेव्ह केल्यामुळेही जातो आणि ते नुकसान भरून काढणे अधिक कठीण असते. ते कसे?

समजा, तुमच्या आपाने दादीकडून ऐकलेल्या जुन्या गोष्टी नोटपॅडमध्ये उर्दूत लिहून ठेवल्या आहेत. दादी आता हयात नाहीत. ती फाइल तुम्ही उघडली. चुकून कंट्रोल आणि ए या कळा एकत्र दाबल्या गेल्या. त्यामुळे सगळा मजकूर निवडला गेला. आता एखादी कळ दाबली गेली, की साऱ्या गोष्टींच्या जागी एकच अक्षर उरते! घाबरू नका. त्याच क्षणी कंट्रोल आणि झेड दाबा. मजकूर परत येतो. मात्र घाईघाईने सेव्ह करून फाइल बंद केलीत, तर परतीची वाट बंद झाली. मग रिसायकल बिन धुंडाळून उपयोग नाही. तिथे पुसलेल्या फाइली जातात. ही फाइल पुसलेली नाहीच. नाव जागेवर आहे, फक्त आतल्या गोष्टी गेल्या. पेन ड्राइव्हवरची पुसलेली फाइल तर सहसा त्या टोपलीत येतच नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी 'सेव्ह ॲज' वापरून दुसऱ्या नावाची प्रत करा आणि त्या प्रतीतच काम करा. मूळ फाइलीवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली' अशी खूण केली, तर आणखी चांगले. मग नोटपॅड त्या फाइलीवर नवे लिहू देत नाही, दुसरे नाव मागते.

काही प्रोग्रॅम ही काळजी स्वतःच घेतात. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे आणलेला 'विम' हा प्रोग्रॅम बदल सेव्ह केल्याशिवाय बंद व्हायला नकार देतो. पण आज्ञेला उद्गारचिन्ह जोडून हट्ट धरला, की तोही ऐकतो! 'ईमॅक्स' मात्र फाइल उघडून पहिल्यांदा सेव्ह करताना जुनी प्रत नावाला '~' हे चिन्ह जोडून वेगळी ठेवते. मला ही रीत जास्त पसंत आहे. सूचना न वाचणारेही तिच्यामुळे वाचतात.

उर्दू किंवा मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. जुने नोटपॅड फाइल 'अॅन्सी' या पद्धतीने सेव्ह करत असे. त्या पद्धतीत आपली अक्षरे मावत नाहीत. नोटपॅड तशी सूचना देई; ती न वाचता 'ओके' म्हटले, की पुढच्या वेळी पानभर नुसती प्रश्नचिन्हे दिसत. २०१९ पासून विंडोजच्या नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-८' ही पद्धत आपोआप निवडलेली असते. तिच्यात सर्व लिपी मावतात. शाळेतला संगणक त्याआधीचा असेल, तर 'सेव्ह ॲज'च्या चौकटीत 'एन्कोडिंग'पुढे यूटीएफ-८ तुम्हीच निवडा.